मामांचा हिशेब

पत्र

ताई, जय ख्रिस्त.

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, शाळेत शिकवते. दीड वर्षापासून आमच्या चर्चच्या कमिटीवर खजिनदार आहे. कमिटीवर आलेली मी पहिलीच बाई, आणि माझे सासरे, म्हणजे पप्पा, सेक्रेटरी.

आमच्या चर्चला एक मामा आहेत. घंटा वाजवणं, झाडलोट, बाकं पुसणं, कबरस्तानातलं गवत काढणं, रात्री फाटकाला कुलूप लावणं, सगळं तेच करतात. २३ वर्षं झाली. आजचा पगार ९,००० रुपये. चर्चमागच्या दोन खोल्यांत मामा-मामी राहतात. आता मामांचे गुडघे गेलेत, म्हणून कमिटीनं नाताळानंतर त्यांना ‘मोकळं’ करायचं ठरवलंय. खोल्या पाडून तिथं सभागृहाचं स्वयंपाकघर होणार. निरोपसमारंभात मामांना शाल, श्रीफळ आणि २१,००० रुपये.

मी ग्रॅच्युइटीचा हिशेब करून मीटिंगला नेला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “बाई, ही कंपनी नाही, देवाचं घर आहे. मामांनी सेवा केलीय, नोकरी नाही.” बाकीचे गप्प बसले. घरी आल्यावर पप्पा म्हणाले, खजिनदारानं जरा नम्र असावं. यंदा मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला, १०० वर्षं होतायत आणि मांडवाच्या बॅनरवर बायबलातलं मीखा ६:८ छापायला दिलंय! न्याय, दया, नम्रता.

मला वाटतं, माझ्या साठवणीतले ५०,००० गुपचूप मामांना द्यावेत आणि राजीनामा देऊन मोकळं व्हावं. की मीच गर्विष्ठ झालेय? मामांना विचारलं तर ते एवढंच म्हणतात, “राहू द्या बाई.”

– एक खजिनदार

उत्तर

खजिनदारबाई, जय ख्रिस्त.

५०,००० देऊ नका. निदान आत्ता तरी नको.

पैसे देणं वाईट नाही. तुमचा हात सैल आहे याचा मला आनंदच आहे. पण तुम्ही गुपचूप दिलेत तर मामांचा दवाखान्याचा खर्च निघेल, मंडळीचं देणं मात्र तसंच राहील. वर ते देणं होतं हेही कुणाला कळणार नाही. मामांच्या जागी दुसरे मामा येतील, वीस वर्षांनी त्यांचेही गुडघे जातील, आणि तेव्हाच्या कमिटीत आकडेमोड करणारी कुणी असेलच असं नाही. आपल्या भाषेत ‘देणं’ आणि ‘देणगी’ हे दोन शब्द सख्ख्या बहिणींसारखे दिसतात, म्हणून माणसं एकीच्या जागी दुसरीला उभी करतात. तुमच्या कमिटीनं २१,००० आणि शाल ठरवून हेच केलंय. तुम्ही ५०,००० ठरवून तेच करायला निघालात, फक्त रक्कम मोठी.

मी हे वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाही. माझ्याकडे धुणंभांडी करायला एक बाई यायच्या. दर नाताळला मी त्यांच्यासाठी पिशवी भरायचे. करंज्या, अनारसे, केकचा मोठा तुकडा, चांगल्यातल्या दोन-तीन साड्या. एका वर्षी मिक्सर दिला, जुनाच, पण चालणारा. पिशवी दाराजवळच्या स्टुलावर ठेवलेली असायची आणि ती हातात देताना मला फार छान वाटायचं. एका नाताळला त्यांनी ती उचललीच नाही. पदराला हात पुसत म्हणाल्या, “बाई, साड्या असू द्या तुमच्याकडंच. चार वर्षं झाली, महिन्याला दोनशे वाढवा.”

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांचे खाडे मी लाल पेनानं टिपून ठेवायचे. चार वर्षांत एक खाडा चुकला नव्हता. पगार शेवटचा कधी वाढवला ते मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्या क्षणी मला आधी राग आला, हेही सांगून टाकते. एवढं करून हिला किंमत नाही, असं वाटलं. शरम यायला सकाळ उजाडावी लागली. साड्या देऊन मी काय विकत घेत होते ते तेव्हा उमगलं. त्यांनी पगाराचं नाव काढू नये, हे.

आता तुमच्या बॅनरकडे येऊ. मीखा हा संदेष्टा यरुशलेमातला नव्हे, मोरेशेथ या यहूदाच्या सखल भागातल्या गावचा माणूस. इसवी सनापूर्वीचं आठवं शतक, यशया या संदेष्ट्याचा समकालीन. राजधानीतल्या इमारती तो गावकऱ्याच्या नजरेनं पाहतो, म्हणजे पैसा कुणाच्या शेतातून आला हे त्याला ठाऊक असतं. तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो, तुम्ही सियोन रक्तानं आणि यरुशलेम अन्यायानं बांधता, पुढारी लाच घेऊन निवाडा देतात, याजक मजुरी घेऊन शिकवतात, आणि वर म्हणता, परमेश्वर आमच्यामध्ये आहे ना, आमच्यावर अरिष्ट येणार नाही. सहाव्या अध्यायातलं आपलं आवडतं वचन याच माणसाचं आहे. त्याच्या आधीच्या दोन ओळी बॅनरवर कुणी छापत नाही. तिथं एक भाविक विचारतो, देवाला काय घेऊन जाऊ? एक वर्षाची वासरं? हजारो मेंढे? तेलाच्या दहा हजार नद्या? शताब्दीच्या कमिटीत आज बसला असता तर त्यानं साउंड सिस्टीम आणि सभागृह विचारलं असतं.

मग येते आठवी ओवी. आपल्या घरोघरीच्या पवित्र शास्त्रात तिथं ‘न्याय’ हा शब्द नाही, ‘नीतीने वागणे’ असं आहे. नीती म्हटलं की आपल्याला दारू न पिणं, शिवी न देणं आठवतं. मूळ हिब्रू शब्द आहे ‘मिश्पात’. तो चावडीवरचा, निवाड्याचा शब्द. कुणाचं काय आहे ते ठरवायचं आणि ज्याचं त्याला द्यायचं. दुसरा शब्द ‘हेसेद’. त्याचं आपण ‘दया’ केलं, आणि दया म्हटलं की वरून खाली टाकलेलं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. १३६ व्या स्तोत्रात ओळीओळीला ‘त्याची दया सनातन आहे’ येतं, तिथंही हाच शब्द. नातं जोडलं म्हणून ते निभावणं, माणूस उपयोगाचा राहिला नाही तरी त्याला न सोडणं, असा त्याचा भाव. गुडघे गेलेल्या माणसाच्या बाबतीत तो किती चपखल बसतो पाहा.

आणि नम्रता. पप्पांना आदरानं सांगा, वचनात ‘देवासमोर राहून नम्रभावाने चालणे’ आहे, कमिटीसमोर नव्हे. खजिनदाराच्या वहीत नम्र आकडे नि उद्धट आकडे असे दोन प्रकार नसतात. बरोबर आणि चूक, एवढेच असतात.

तुमचा आकडा मी पडताळून पाहिला. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानं घालून दिलेलं सूत्र असं की शेवटच्या महिन्याच्या पगाराला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. ९,००० रुपये आणि २३ वर्षं धरली की १,१९,४२३ रुपये होतात. तुमच्या कमिटीतले कुणी वकील म्हणतील, ग्रॅच्युइटीची सक्ती दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी असते, आपल्याकडे दोघंच आहेत. त्यांचं बरोबर आहे. मामा कोर्टात गेले तर बहुधा हरतील. पण मग प्रश्न असा उरतो की, गावातल्या साखर कारखान्याचा शिपाई जे हक्कानं घेऊन घरी जातो, ते चर्चच्या शिपायाला मिळू नये, कारण चर्च लहान आहे? बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलीय, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. तिथं मजूर दहा असावेत अशी अट नाही.

कुणी म्हणेल, खोल्या फुकट होत्या. फुकट नव्हत्या. रात्री फाटक बघायला, पहाटे घंटा ओढायला आणि मयताला केव्हाही उठायला माणूस चोवीस तास हाताशी हवा होता, म्हणून त्या दिल्या होत्या.

‘सेवा’ या शब्दाबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तो मला सलला. पाळकसाहेब सेवा करतात, आणि त्यांना पगार असतो, बंगला असतो. त्यात गैर काही नाही. सभागृहाचं वायरिंग करणाऱ्याला कुणी म्हणत नाही, बाबा, ही सेवा समज. मग हा शब्द नेमका झाडू हातात असलेल्या माणसापाशीच का येऊन थांबतो? नगर जिल्ह्यातल्या आपल्या मंडळ्या कुणाच्या, हे आपल्याला एकमेकांना सांगायला नको. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं, आणि पुढच्या काळात गावोगावच्या महारवाड्यांतून, मांगवाड्यांतून माणसं येत गेली. आपल्या पणजोबांनी गावाची कामं केली ती मोबदला विचारायची सोय नसलेली. मेलेलं जनावर ओढा, सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला पळत जा, वेशीवर राखण करा, आणि बदल्यात वतन म्हणून जमिनीचा तुकडा नि दारोदारची भाकरी. मागायला गेलं तर उत्तर ठरलेलं. हे तुझं काम नव्हे, तुझा धर्म आहे. ती वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. ज्यांच्या घरात ही आठवण अजून पुरती विझलेली नाही, त्यांनी देवळाच्या आवारात कुणाला ‘ही नोकरी नाही, सेवा आहे’ म्हणावं? ज्येष्ठ सभासदांना भांडणात नको, पण कधीतरी निवांत असताना हे विचारा. त्यांच्या आजोबांबद्दल विचारा, म्हणजे ते स्वतःच बोलतील.

‘मामा’ हाही तसलाच शब्द. माया असतेच त्यात, मी नाकारत नाही. पण मामा म्हटलं की पगारवाढीचा विषय काढायचं अवघड होतं, दोन्ही बाजूंना.

आता “राहू द्या बाई”. हे त्यांचं उत्तर धरू नका. मामा अजून कमिटीच्या खोलीत राहतात, नाताळापर्यंतचा पगार कमिटीकडून यायचाय, आणि विचारतंय कोण, तर सेक्रेटरीची सून. या जागी तुम्ही-मी असतो तरी ‘राहू द्या’च म्हणालो असतो. एका संध्याकाळी त्यांच्या खोलीवर जा. चर्चच्या पायरीवर उभ्याउभ्या विचारू नका. मामींच्या हातचा चहा घ्या आणि पैशाआधी हे विचारा की, खोली सोडून जाणार कुठं? मुलाकडं जागा आहे का? गुडघ्यांचं डॉक्टर काय म्हणतात? नंतर हिशेबाचा कागद दाखवा. तरीही ते म्हणाले की माझं नाव घेऊन भांडू नका, तर ऐका त्यांचं. त्यांच्या वतीनं शूर व्हायचा परवाना तुम्हाला कुणी दिलेला नाही. ज्या गर्वाची तुम्हाला धास्ती आहे तो आकडे मांडण्यात नाही, इथं असू शकतो.

नावाशिवायही काम होतं. मामांचा ठराव मांडण्याऐवजी नियमाचा ठराव मांडा. मंडळीच्या पगारी सेवकाला निवृत्त होताना दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार मिळेल, आणि राहती जागा दुसरी सोय झाल्याशिवाय किंवा अमुक महिने उलटल्याशिवाय सोडावी लागणार नाही. किती महिने ते कमिटीनं ठरवावं. मी वर्षभर म्हणेन. दया दाखवायला जागा आहे ती इथं. ग्रॅच्युइटी देऊन झाल्यावरच्या या वर्षभरात.

आणि हा ठराव तुम्ही मांडू नका. पप्पांना मांडू द्या.

माझी बाजू घेता घेता ताई घसरल्या, असं वाटेल तुम्हाला. पण मागच्या वेळी काय झालं ते बघा. त्यांच्या घरातली सून त्यांना न सांगता कागद घेऊन मीटिंगला आली आणि चारचौघांत त्यांच्या मित्रानं तिला टोकलं. पप्पा तुमच्यावर चिडलेत की ओशाळलेत? मला दुसरं वाटतं. रविवारी जेवणं झाल्यावर कागद त्यांच्यापुढं ठेवा. म्हणा, पप्पा, हे तुम्ही मांडलंत तर होईल. ठराव पास झाला तर शताब्दीच्या अहवालात त्यांचं नाव येईल, तुमचं कुठंच येणार नाही. हे वाचताना आत कुठं किंचित झोंबलं असेल तर गर्वाबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालंय. फार झोंबलं नसेल तर चिंता नको.

पैसे नाहीत असं कमिटी म्हणेलच. शताब्दीच्या वर्षी ते कुणीच म्हणू नये खरं तर, पण म्हणतील. कापणीच्या सणाचा लिलाव यंदा या देण्यासाठी ठेवा. आपल्याकडं लिलावात काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. तीस रुपयांचा भोपळा हजाराला जातो, कोंबडा तीनदा विकला जाऊन तिन्ही वेळा परत येतो, आणि चढी बोली लावणारे बहुतेकदा कमिटीतलेच असतात. तुमचे ५०,००० तिथं येऊ द्या. गुपचूप नको. पावती फाडून, पावतीवर कारण लिहून. डाव्या हाताला कळू नये असं प्रभूनं सांगितलंय ते दानधर्माबद्दल, कर्जफेडीबद्दल नव्हे. बायबलातल्या जक्कय या जकातदाराचं आठवा. घरी आलेल्या प्रभूला तो दोन वेगळे आकडे सांगतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट. गरिबांना दिलेल्या अर्ध्यात चौपटीची फेड त्यानं जिरवली नाही. खजिनदार होता ना, जकातदार का असेना, खाती वेगळी ठेवायची सवय असणार.

राजीनाम्याचं शेवटी ठेवलंय, कारण त्याचं उत्तर सर्वांत लहान आहे. देऊ नका. ठराव पडला तर इतिवृत्तात तुमचा विरोध नोंदवायला सांगा, नोंद झाली का ते पुढच्या मीटिंगला वाचून घ्या, आणि वही सांभाळत राहा. पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये, पुण्यात प्लेग असताना, प्लेगच्या इस्पितळात मुलीबाळींचे काय हाल होतात यावर ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिलं. प्रकरण विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेलं, आणि सरकारनं त्यांचं म्हणणं नाकारलं. दुष्काळातल्या मुलींना केडगावला आणून सांभाळणाऱ्या रमाबाई सरकारला चालत होत्या, प्रश्न विचारणाऱ्या चालत नव्हत्या. त्यांनी पत्र मागं घेतलं नाही नि केडगावही सोडलं नाही. मुलींच्या जेवणाची वेळ झाली की जेवण लागतच होतं. तुमच्या कमिटीत आकडेमोड येणारी तुम्ही एकट्या आहात. तुम्ही उठलात की ती खुर्ची ‘सेवा’ म्हणणाऱ्यांपैकी कुणाला तरी मिळेल.

शाल-श्रीफळाचं म्हणाल तर अवश्य द्या. नारळावरून कुणी धार्मिक वाद काढलाच तर सांगा, मामी चटणी करतील.

एक बारीक गोष्ट राहिली. तुमच्या पत्रात मामांचं नाव कुठंच नाही. माझ्यापासून लपवलंत ते योग्यच केलंत, पण मस्टरवर तरी काय लिहिलंय ते एकदा बघा. खोलीवर जाल तेव्हा आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक मागून घ्या, दोन्हींवर नाव एकसारखं आहे का ते तपासा, नसेल तर आत्ताच दुरुस्तीला टाका. ठरावात पूर्ण नाव लिहा, वडिलांच्या नावासकट. नाताळच्या धांदलीत कुणाच्या लक्षात राहणार नाही, आणि चेकवर ‘मामा’ लिहून बँक पैसे देत नाही.

तुमची,
ताई